मेघनाळाला दिसेपर्यंत

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार
आला! 'तमदुर्ग'चा चौदावा भाग आला. सात वर्षांनी. वाचनालयातल्या विमलाबाईंनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. म्हणाल्या, तुमच्याशिवाय हे कोणी मागतच नाही. रत्नागिरीत माझ्या नावाला वजन आहे ते असं.
कव्हर पाहून मात्र चर्र झालं. नायक अर्कदत्ताला मिशा काढल्यात. तेरा भागांत त्याला मिशी नाही. चित्रकाराने पुस्तक वाचलेलं नाही हे उघड आहे. ही सुरुवात चांगली नाही.
आज टायपिंग क्लास अर्धा तास आधी सोडला. मुलांनी हरकत घेतली नाही.

त्याच दिवशी, रात्री
संकल्प: एकही पान आधी वाचायचं नाही. हुसेनचाचांबरोबरच वाचायचं. चाचा म्हणजे राजिवड्यातले जुने तांडेल, जन्म समुद्रावर काढलेला माणूस. पूर्वी आम्ही दोघं या मालिकेसाठी वाचनालयाच्या दारात भांडायचो, पुस्तक आधी कोणी न्यायचं म्हणून. मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि भांडण मिटलं. तेव्हापासून संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसून मी वाचतो, ते ऐकतात. माझा आवाज रेडिओवर जायचा होता. राहून गेला.
जुने सगळे भाग असे दोनदा झाले. आता नवा. आधी वाचणं म्हणजे विश्वासघात. वाचणार नाही.

४ फेब्रुवारी
पहिलं प्रकरण फक्त. उच्चार अवघड असतात, तयारी हवी.

५ फेब्रुवारी
सगळा वाचला. पहाट झाली. बायकोने, मथुराने, विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, धूळ.
मत: संमिश्र. पहिले पाच भाग म्हणजे सोनं. सहा ते आठ चांदी. नवव्यापासून लेखकमहाशयांनी पाणी घालायला सुरुवात केली ती केलीच. या भागात तर चौथ्यात मेलेला सेनापती जिवंत होऊन जेवायला बसतो आणि कोणाला त्याचं नवलही वाटत नाही. राणीचं नाव तीन प्रकारे छापलंय. निम्मं पुस्तक नुसतं वाट चालण्यात जातं. तरी हातातून ठेववलं नाही, हा माझा दोष नाही.
पण एकसष्टावं पान.
मेघनाळ हा आंधळा सुकाण्या, तमदुर्गाच्या नौका काळ्या पाण्यातून नेणारा. मालिकेतला एकच माणूस असा की ज्याच्यावर माझा आणि चाचांचा वाद नाही. तेराव्या भागाच्या शेवटी जोगिणीने त्याला सांगितलं होतं, तुला दृष्टी येईल. सात वर्षं आम्ही त्यावर जगलो. एकसष्टाव्या पानावर त्याला दृष्टी येते. तो समुद्र बघतो. त्याला समोरून येणारं काळं शीड दिसतं. बासष्टाव्या पानावर तो मरतो.
बासष्टावं पान पुन्हा वाचलं. मरतोच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
चाचांकडे वाचन सुरू. पहिलं प्रकरण उत्तम झालं. मधे चाचांनी डोळे मिटले होते. तल्लीन. घशातून बारीक हुंकारही येत होता.
नंतर चहा पिताना त्यांनी जे सांगितलं त्याने माझा चहा तसाच राहिला. मार्चच्या मध्यावर नेत्रशिबिर आहे. मुंबईचा डॉक्टर येणार. त्याने गेल्या साली तपासून सांगितलं होतं, पिकलाय, आता आणखी थांबलात तर डोळा हाताचा जाईल. मागल्या खेपेला चाचा घाबरून पळून आले. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला होता. सून कुलसुम मागे लागलीय, मुलगा अस्लम कुवेतहून निरोपावर निरोप धाडतोय. चाचांचा पाय उचलत नाही.
मग ते म्हणाले, मास्तर, मी मनाशी ठरवलाय. मेघनाळाला नजर आली आणि त्याचा बरा झाला, तर मी पण डोळा कापून घेतंय. त्याचा वाईट झाला तर मला कोण हात लावू नको. कौल समजा.
कुलसुम दारातून म्हणाली, ह्या काय वो चाचा, पुस्तकाचा काय कौल लावतात? चाचा म्हणाले, दर्याचा लावतात, दगडाचा लावतात, मग पुस्तकाचा का नाय?
मी हसलो. हसणं नीट जमलं नाही.

८ फेब्रुवारी
रात्रभर टिटवी ओरडत होती. मथुराला ऐकू आली नाही.

१० फेब्रुवारी
मार्ग सापडला. इतका सोपा की आधी सुचला नाही याचंच आश्चर्य.
बासष्टावं पान वाचायचंच नाही. मी लिहिलेलं वाचायचं. नाहीतरी या लेखकापेक्षा मालिका मला जास्त कळते. मेघनाळाला दृष्टी येईल, काळं शीड वगैरे काही नाही, सुखाने किनाऱ्याला लागेल. क्लासात मराठी टाइपरायटर आहेच. पाच-सहा पानं. दोन दिवसांचं काम. कागद पुस्तकात ठेवून वाचले की झालं, चाचांना काय दिसतंय.
खोटं नाही हे. संपादन आहे.

१३ फेब्रुवारी
एक पान झालं. वर्णन फार सुंदर साधलंय. मेघनाळ अजून नौकेत चढायचा आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मन थाऱ्यावर नाही. कथेत असा हात घालणं बरोबर की चूक, म्हणून देवळात जाऊन कौल लावला. महिपत गुरवाने देवाला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग विचारलं, माणूस कोण? म्हटलं, मेघनाळ. गाव? म्हटलं, लांबचा आहे. आडनाव? म्हटलं, महिपत, तू विचार रे.
त्याने गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, हा मेघनाळ म्हणून जो कोण लांबचा लेकरू हाय, त्याच्या डोळ्यांचा काय ता उजवा कर. मागे उभे असलेले दोघे व्हय म्हाराजा म्हणाले. मलाही म्हणावं लागलं.
डावी पडली.
महिपत म्हणाला, नाय म्हणतोय. मी म्हटलं, वारा होता. तो म्हणाला, गाभाऱ्यात वारा कुठला? देवाला मालिकेची पार्श्वभूमी माहीत नाही, त्यामुळे हा कौल धरता येत नाही. पण येताना चप्पल तुटली.

२४ फेब्रुवारी
वाचन चालू आहे. सावकाश. साठाव्या पानाच्या आत राहिलं पाहिजे म्हणून मी शब्दांमध्ये विराम घेतो. चाचांना ते आवडत असावं, फारच शांत बसतात.
आज विचारलं, मास्तर, एकसष्ट पान कधी? दचकलो. एकसष्ट म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाले, तुमीच झोपेत बोलल्यासारखे पुटपुटलात.
झोप आणणारं रात्रीचं दूध बंद. जागरण बंद. पुटपुटणं बंद.

२८ फेब्रुवारी
आजपासून माझं लेखन वाचायला सुरुवात केली. बेमालूम मिसळलं. लेखकाचं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं, कोणाच्या बापाला कळणार नाही. चाचा लगेच डोळे मिटून तल्लीन. हुंकार आज मोठा होता. कुलसुमने मांजर हाकललं, तिला वाटलं मांजर गुरगुरतंय.

३ मार्च
एक अडचण. लिहायला बसलो की मेघनाळ दृष्टीपर्यंत पोचतच नाही. बोट उभी केली तर वादळ आलं. वादळ शमवलं तर एक बेट लागलं. बेटावर मधमाश्या. काहीही करून त्याला जोगिणीपाशी न्यावं तर माझे हात थंड पडतात. त्याने डोळे उघडले की त्याला काळं शीड दिसणारच, असं सारखं वाटतं. मी नाही लिहिलं तरी.
ही थोर लेखकांची अवस्था असते. साहित्य म्हणजे घाई नव्हे.

६ मार्च, पहाट
सगळं गाव धूमकेतू धूमकेतू करतंय. आपणही बघावा म्हणून गजर लावून उठलो आणि भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो. क्षितिजावर धुरकट, मळकट उजेड दिसला. शेपूट खालच्या बाजूला. अंगावर काटा आला. आपल्या भागात खालच्या शेपटीचा अर्थ बरा सांगत नाहीत. आजी सांगायची, असा तारा दिसला की दर्या माणूस मागतो.
शेजारी जाळं सारखं करत बसलेल्या बाबल्याला विचारलं. म्हणाला, ता काय, हुसेनचाचाच्या भाच्याचा ट्रॉलर हाय. धूर सोडतोय.
चाचाच्या भाच्याचा. सगळ्या समुद्रात नेमका तोच.

८ मार्च
क्लासात माझं मधमाश्यांचं प्रकरण स्पीड टेस्टला दिलं. सगळे नापास. तुळसा नावाची एक हुशार मुलगी आहे, ती म्हणाली, सर, वाक्य संपतच नाही, कॅरेज परत आणायचं कुठे? आणि हा माणूस पोचणार कधी?
या पिढीला संयम नाही.

१० मार्च, सोमवार
शिबिर रविवारी. नावं शुक्रवारपर्यंत. चाचा आज दोनदा म्हणाले, मास्तर, लवकर करा. म्हटलं, दोन दिवसांत मेघनाळाला नजर. शब्द दिलाय. आता मागे हटणं नाही.
घरी येऊन बसलो. मेघनाळ बेटावरून निघाला आणि रस्ता चुकला.

११ मार्च
घसा बसला असं सांगून आलो. प्रत्यक्षात घसा उत्तम आहे, लिहायला वेळ हवा. गडबडीत पुस्तक पडवीतच राहिलं. काळजी नको. चाचांना दिसत नाही आणि कुलसुमला कामातून डोकं वर काढायला फुरसत नाही.

१२ मार्च
दोन ओळी. खोडल्या.
मथुराने विचारलं, चाचांकडे का जात नाही? सगळं सांगितलं. ती कणीक मळता मळता थांबली. म्हणाली, आणि शुक्रवार गेला तर? म्हटलं, पुढच्या वर्षी शिबिर आहेच. ती म्हणाली, डोळा असेल का पुढच्या वर्षी?
तिला साहित्यातलं कळत नाही. रात्री जेवलो नाही.

१४ मार्च, शुक्रवार
संध्याकाळी राजिवड्याकडे निघालो होतो. कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे एक माणूस खांद्यावर गुंडाळलेलं शीड घेऊन चालला होता. काळं. डांबराचं असेल. परत फिरलो.
अर्धवट लिहिलेलं वाचण्यापेक्षा न वाचलेलं बरं. चाचा समजून घेतील. ते माझ्याशिवाय कुठे जात नाहीत.

१६ मार्च, रविवार
लिहिलं! एका बैठकीत. मेघनाळाला दृष्टी आली. समुद्र स्वच्छ. शीड नाही. बारा पानं, वर 'प्रकरण सातवे: दृष्टी' असं लाल फितीने टाइप केलंय. या मालिकेत इतकं चांगलं काही आलेलं नाही, लेखकाच्या हातून तर नाहीच. शिबिर आज आहे खरं, पण डॉक्टरला विनंती करता येईल. एखादा दिवस थांबेल. माणूसच आहे.

१७ मार्च, सोमवार
पडवी रिकामी.
कुलसुम पाखडायचं सूप घेऊन बाहेर आली. म्हणाली, चाचा शिबिराला गेले वो. काल डोळा कापला. मी म्हटलं, पण पुस्तक? ती म्हणाली, मीच वाचला. तुमी आला नाय, ते जेवत नव्हते, म्हटलं वाचून टाकू. एकसष्ट पान आणि बासष्ट पण. मी सातवी शिकलेली हाय, मास्तर.
बासष्टावं पान ऐकून माणूस ऑपरेशनला गेला. स्वतःचा कौल डावा पडल्यावर. का गेला, ते विचारलं नाही. हातातले कागद तिच्याकडे दिले आणि उलट्या पावली निघालो. चहा विचारत होती.

१८ मार्च
शाळेत शिबिर आहे. खिडकीतून पाहिलं. वर्गात बाक लावून सगळे म्हातारे ओळीने झोपलेले, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, सगळे सारखे. कोण चाचा ते ओळखू आलं नाही. एक जण उताणा, हात पोटावर, अजिबात हलत नव्हता. त्याच्याकडे पाहत राहिलो. परिचारिकेने कोण पाहिजे विचारलं. म्हटलं, कोणी नाही.
असं का म्हटलं?

२० मार्च
नवस केला. चाचा बरे झाले तर लिहिणं सोडेन. नंतर वाटलं, हा नवस देवाला फार मोठा झाला. तर वाचलेल्या पुस्तकांवर टीका करणं सोडेन. तोही मोठा. तर सुपारी खाणं सोडेन.
खरं सांगायचं तर भीती वाटते. या म्हाताऱ्याशिवाय माझं ऐकणारं कोणी नाही.

२१ मार्च
कालचं शेवटचं वाक्य भावनेच्या भरात गेलंय. क्लासात मुलं ऐकतात.

२५ मार्च, मंगळवार
चाचा घरी. गेलो. पट्टी डोळ्यावर तशीच. आवाज मात्र होता तसा. मला पावलावरून ओळखलं. सुरुवातीलाच लेखकावर घसरलो. असा कसा मारला मेघनाळाला, या लेखकाला भाषा नाही, माया नाही, सात वर्षं लावली आणि हे दिलं.
चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मास्तर, तुमी लिवलेला मला तेव्हाच कळला. मधमाश्या कुठून येतील तमदुर्गात? मला वाटला, मास्तरांच्या मनात माया हाय. ऐकत राहिलो.
बाहेर शिमग्याचे ढोल वाजत होते.
म्हणाले, पण एक सांगू? त्या लेखकान मेघनाळाला मारला, पण आधी एक पानभर दर्या दाखवला. तुमी त्याला मारणार नव्हतात. पण बघू पण देणार नव्हतात. कुलसुमने वाचला तेव्हा मी म्हटला, एक पान तर एक पान.
मी म्हटलं, डोळा उघडल्यावर काय दिसेल याची भीती नाही वाटत? ते म्हणाले, वाटते तर. हात धरून बसा.
बसलो. हात गार होता. त्यांचा की माझा, कळलं नाही.

२६ मार्च
मथुराला कालचं सांगितलं. तिने ताटात एक पुरणपोळी जास्त वाढली. याचा अर्थ अजून लागला नाही.

९ एप्रिल
पट्टी निघाली. चाचांना पांढरं दिसतंय. नुसतं पांढरं. डॉक्टर म्हणाला होता, सूज उतरू दे, चष्म्याशिवाय कळायचं नाही. चष्मा महिनाअखेरीला. बासष्टावं पान रोज आठवतं. सुपारी खाल्ली, मग आठवलं.

२१ एप्रिल
अजून पांढरं. त्यात मधून काळं हलतं म्हणाले. केवढं काळं, विचारलं. म्हणाले, शिडायेवढा नाय. हसले. मला हसू आलं नाही.
आज पुस्तक वाचू का विचारलं. नको म्हणाले.

१ मे, गुरुवार
क्लासला सुट्टी. दिवसभर काही नाही. 'तमदुर्ग'वर एक टीकालेख लिहायचा संकल्प. शीर्षक टाइप केलं.
उद्या चष्मा मिळणार. बघायला जाणार नाही. चांगली बातमी असेल तर कळेलच, आणि वाईट असेल तर मला घाई नाही.

३ मे, शनिवार
गेलो.
पडवीत चाचा. नाकावर जाड भिंगाचा काळा चष्मा, डोळा मागे बोराएवढा मोठा दिसतो. माझ्याकडे पाहत राहिले. मी उभाच. मला वाटलं, आता काही मोठं बोलतील. म्हणाले, मास्तर, तुमी कलप लावता काय वो?
चार वर्षं कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मथुरासुद्धा काही बोललेली नाही. कुलसुम आत पळाली, आतून हसल्याचा आवाज आला.
मी आत जाऊन तोंड धुतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. कलपाचं नव्हे.
परत आलो तर चाचांच्या हातात माझे कागद, 'प्रकरण सातवे: दृष्टी'. म्हणाले, बसा. इतकी वर्षं तुमी वाचलात, आज मी वाचतंय. मी आनंदाने सावरून बसलो. शेवटी खरा वाचक मिळाला. चाचा बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागले. समुद्र शांत होता. अत्यंत शांत होता. त्या शांततेला एक विशाल, अथांग, गंभीर, निळसर अशी शांतता होती. वारा येत होता. सुरुवात किती छान केली होती मी.
पुढचं काही आठवत नाही.
कुलसुमने खांदा हलवला तेव्हा पडवीत दिवा लागला होता आणि चहावर साय धरली होती. माझी मान भिंतीला लागून आखडलेली. चाचा चौदावा भाग उघडून वाचत बसले होते, खरा. एकसष्टाव्या पानावर होते. मी घाईघाईने म्हटलं, माझ्या प्रकरणाचा शेवट कसा वाटला?
चाचांनी पानावरून डोळा काढला नाही. म्हणाले, शेवटापर्यंत मी पण पोचलो नाय वो. तुमी लय तल्लीन झालावतात. मांजर पळाला.